पश्चिमेस दारवाल्याचे राहते घर

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी तिच्या वडिलांनी चहाचा कप बशीत ठेवला, चमचा त्याच्या शेजारी सरळ लावला आणि म्हणाले, "तुमच्या घरातली माणसं उठून जातात." त्या क्षणी माझं सगळं बदललं. 'विनंती विशेष' लिहून मी खाली विशेष काहीच लिहीत नाही, असं तू नेहमी ऐकवतेस. घे, या खेपेस आहे.

तिच्याविषयी मागच्या सगळ्या पत्रांत लिहून झालंय, तेव्हा डोळे वगैरे वगळतो. ती मोजणी कचेरीत नकाशे काढते, एवढं लक्षात ठेव. तिचे वडील कर्ज देण्याआधी घरांची किंमत ठरवणारे. घरात पाऊल टाकलं की आधी ओल कुठल्या भिंतीत आहे ते बघतात, आणि माणसाकडेही तसंच बघतात. त्यांनी आपली सगळी चौकशी केलेली. खापरपणजोबा बायकोपोरांना टाकून गेले. आजोबांनी चांगली चालती नोकरी सोडली. बाबांनी भागीदारी सोडली. आणि चिरंजीवांनी, म्हणजे मी, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. हे सगळं त्यांनी शांतपणे, एकेक बोट मोजत सांगितलं. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी काचेच्या दुकानात काम करतो, काच कापतो, चौकटी बसवतो, कुणाच्या जिवावर जगत नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. मी म्हणालो, खापरपणजोबा गेलेच नव्हते, आणि ते मी कागद समोर ठेवून सिद्ध करीन. आत्या, मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मग अंगात असा काही वणवा पेटला की मी ताडकन उठलो आणि चालता झालो. म्हणजे आमची माणसं उठून जात नाहीत हे पटवायला मी उठून गेलो. जिना उतरताना वरून त्यांचा आवाज आला, जाताना दार तरी लावायची रीत असते. आता आपल्यात जाणारा दार लावत नाही, आत राहणारा लावतो, हे त्यांना कोण सांगणार.

एप्रिल संपता संपता तिला बघायला एक मुलगा येणार आहे. सरकारी नोकरीत आहे. एकदा खुर्चीत बसला की जेवणाच्या सुट्टीतही उठत नाही म्हणे, आणि नेमकं हेच तिच्या वडिलांना फार भावलंय. तिने मला स्पष्ट सांगितलं. वडिलांना दुखवून ती येणार नाही, पण एप्रिलपर्यंत त्यांचं मन वळवायला मला मोकळीक आहे. त्यानंतर नाही.

तेव्हा खापरपणजोबांविषयी तुला जे जे माहीत असेल ते सगळं लिही. लोभ तुझा आहेच, या खेपेस जरा वाढीव पाठव.

तुझा,
भाचा


१४ फेब्रुवारी

चि. तापोबास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यावर एक धपाटा.

तुझं पत्र शिवणवर्गातल्या मुलींना वाचून दाखवणार होते, पण बिचाऱ्यांची लग्नं व्हायची आहेत, म्हणून ठेवून दिलं. माणूस बोलता बोलता खोटं बोलतो हे मी पाहिलंय. पण खोटं बोलून वर ते सिद्ध करायची तारीख घेऊन येणारा तू पहिलाच.

मला आजीने सांगितलं ते असं. तो दारवाला होता. नव्या घरांना दारं बसवायचा. लोक त्याला नावाने नाही, दारवाला म्हणूनच ओळखायचे. धाकटा मुलगा, म्हणजे तुझे पणजोबा, पाळण्यात असताना एका संध्याकाळी नवराबायकोची जुंपली. कशावरून ते आजी दर वेळी वेगळं सांगायची. कधी दिव्याच्या काचेवरून, कधी हरवलेल्या किल्लीवरून, एकदा तर शेजाऱ्याच्या बकरीवरून. तो बाहेर पडला, दार असं ओढलं की चौकटीचा गिलावा खाली आला, आणि पुन्हा कधी परतला नाही. तेव्हापासून आपल्यात जाणाऱ्याने दार ओढायचं नाही, आत राहणाऱ्याने लावायचं. मी एकटी राहते, तरी बाजारात जाताना शेजारणीला हाक मारते. ती येऊन आत शिरते, पुढचं दार लावते आणि मागच्या दाराने आपल्या घरी जाते. मागचं दार दिवसभर सताड उघडं असतं, ते आजवर कुणाला खटकलेलं नाही.

माझ्या वडिलांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, एकदा नोंदणी कचेरीत जाऊन त्याचं नाव शोधलं होतं. लग्नाची नोंद सापडली. पुढे त्याच्या नावावर खरेदी नाही, विक्री नाही, मृत्युपत्र नाही. घर बायकोच्या नावावर, तिच्या वडिलांनी दिलेलं. घरी येऊन म्हणाले, गेलाच होता तो. आणि त्यानंतर लवकरच त्यांनी नोकरी सोडली.

त्या घराच्या बक्षीसपत्राची नक्कल माझ्या ट्रंकेत होती, ती सोबत पाठवते. घर आता नाही, तिथे सायकली ठेवायचा तळ झालाय.

एक सांगू? तुला ऐकवलं ते वाक्य मला नवीन नाही. मलाही एकदा कुणीतरी ते ऐकवलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. मी खाली मान घालून घरी आले आणि मशीनवर बसले, ती अजून बसलेलीच आहे. तू उत्तर दिलंस. खोटं दिलंस, पण दिलंस. तेवढ्यासाठी धपाटा परत घेते.

कचेरीत कुणावर ओरडू नकोस. ममता आहेच, अक्कल तुझी तू वाढव.

तुझी,
आत्या


१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तुझा भाचा हरला, असं समज.

दुकानाचे मालक मला दुपारची सुट्टी देतात, कारण रागात असताना मी तीन आरसे फोडले आणि त्यापेक्षा मी कचेरीत गेलेला त्यांना परवडतो. नोंदणी कचेरीचं दप्तर तळघरात आहे. लोखंडी कपाटं, मधे एक लांब टेबल, टेबलाच्या टोकाला रेकॉर्डवाले काका. काका बोलत नाहीत, चष्म्यावरून बघतात. वह्या एवढ्या मोठ्या की उघडताना दोन्ही हात पसरावे लागतात.

पहिल्याच आठवड्यात लग्नाची नोंद सापडली, आणि आजोबांनी तुला जे सांगितलं नाही ते मी सांगतो. खापरपणजीची सही आहे. वळणदार, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट. त्याला लिहिता येत नव्हतं. पण लोक अंगठा उठवतात किंवा फुली मारतात तसं त्याने केलेलं नाही. त्याने बिजागरी काढली आहे. दोन पाती, मधे खिळा, पात्यांवर स्क्रूंची भोकंसुद्धा. लग्नाच्या वहीत, आत्या. आजूबाजूच्या सगळ्या फुल्यांमधे ती एकच गोष्ट उघडझाप करेल असं वाटतं. मी ती कागदावर उतरवून घेतली आणि दिवसभर खिशात घेऊन फिरलो.

त्यानंतर काहीच नाही. धाकटा पाळण्यात होता त्या वर्षापासून पुढची सगळी सूची मी पालथी घातली. विकणारे, घेणारे, देणारे. तो कुठेच नाही. बिजागरी काढण्याइतका स्वतःचा अभिमान असलेला माणूस पुढे कुठल्याच कागदावर उमटत नाही, याचा अर्थ काय? गेला. खरंच गेला. परवा हे डोक्यात लख्ख झालं आणि मी हातातली वही मिटली. मिटली म्हणजे आपटली. धूळ एवढी उडाली की काकांचा चष्मा पांढरा झाला. त्यांनी तो पुसला, परत घातला आणि मला महिना संपेपर्यंत पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं. तळघर असल्याने खरं तर उतरू नकोस म्हणायला हवं होतं, पण मी सुधारणा सुचवली नाही.

ही बंदी तिला कळू देऊ नकोस. कशी कळणार, तू तिला ओळखत नाहीस. पण तरी.

खोलीमालकीण रोज भांडते. मी दार उघडं टाकून जातो आणि मांजर माझ्या अंथरुणात झोपतं. आज तेही बघवत नाही. त्या मांजराला निदान कळतं कुठे राहायचं ते.

माया ठेव. बाकी काही उरलेलं नाही.

तुझा,
भाचा


२० मार्च

चि. तापोबास,
आशीर्वाद. मांजरालाही.

रडगाणं वाचलं. आता वर्गात मी मुलींना जे शिकवते ते तुला शिकवते. टेबलावर कापड पसरलेलं आहे. त्यातून कुणी बाही कापून नेली. बाही कशी होती हे कसं कळेल? बाही शोधत गावभर फिरायची गरज नाही. उरलेलं कापड बघायचं. त्याच्या कडेला बाहीचा सगळा आकार तसाच राहिलेला असतो, गोलाईसकट. काच कापतोस ना, तुला हे मी सांगायला हवं?

तू आणि तुझे आजोबा दोघांनी बाही शोधली. आता उरलेलं कापड बघ. मी पाठवलेलं बक्षीसपत्र पुन्हा वाच. घर कुठे आहे ते कसं सांगितलंय? पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याची भिंत. प्रत्येक घराच्या कागदात चारी बाजूंचे शेजारी लिहावेच लागतात. मग शेजाऱ्यांनी आपापली घरं विकली, वाटून दिली, तेव्हा त्यांच्या कागदात त्यांच्या शेजारी कोण लिहिलं गेलं?

बंदी आहे तोवर दुसऱ्या कुणाला तरी पाठव. कुणाला ते मी सांगायला हवं असेल तर तुझं प्रेम काही खरं नाही.

तुझी,
आत्या


२ एप्रिल

ती. आत्यांना,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत, तेव्हा एका बाजूने तरी आहे. मी नकाशे काढणारी. तुमच्या भाच्याने बंदीची गोष्ट माझ्यापासून लपवली होती. चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच सांगितली आणि वर मलाच विचारलं की तुला कुणी सांगितलं.

तुमची बाहीची युक्ती मला फार आवडली, कारण आमच्या कचेरीत आम्ही तेच करतो आणि आम्हाला वाटतं की ते शास्त्र आहे. मी गल्लीचा जुना नकाशा उतरवून घेतला, प्रत्येक घराला रंग दिला आणि कचेरी सुटल्यावर रोज तळघरात जाऊन शेजाऱ्यांचे दस्त काढले. रेकॉर्डवाल्या काकांनी मला खुर्ची दिली. हे तुमच्या भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता ऐका. तुमच्या घराच्या पूर्वेचं घर विकलं गेलं, तेव्हा तुमचे आजोबा पाळण्यातून निघून चांगले शाळेत जायच्या वयाचे झाले असतील. त्या खरेदीखतात लिहिलंय, "पश्चिमेस दारवाल्याचे राहते घर." दक्षिणेच्या घराची वाटणी त्याच्याही नंतरची. तिथेही तेच, फक्त उत्तरेस. कागदावर घर त्यांच्या बायकोचं, पण शेजाऱ्यांनी दोन्ही वेळेला त्यांचंच नाव घेतलं, आणि राहते म्हटलं.

मी हे त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो तस्साच आमच्याकडे धावत येईल, आणि बाबा काय म्हणतील ते मला पाठ आहे. माणूस गेला तरी घराचं नाव पडतं ते पडतं. आणि त्यात त्यांचं चुकणार नाही. दोन्ही दस्तांना साक्षीदार आहेत, पण मला मिळाल्या त्या नकला. नक्कल करणारा साक्षीदाराची खूण उतरवत नाही, तिथे नुसतं 'निशाणी' असं लिहून पुढे जातो. ती निशाणी फुली आहे की बिजागरी, हे मूळ वह्या काढल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, वाट बघावी लागते, आणि खिडकीशी गोड बोलावं लागतं. त्याची बंदी आता उठली आहे. हे काम मी करू, की त्याला करू देऊ? तुम्ही त्याला जास्त ओळखता. मला वाटतं त्याने करावं, पण मला भीती वाटते.

तो ज्या दिवशी रागावत नाही त्या दिवशी तो मला सगळ्यात आवडतो. असे दिवस वाढताहेत.

न पाहिलेल्या माणसावर लोभ करणं अवघड असतं, तरी करावा.

आपली,
नकाशेवाली


९ एप्रिल

चि. नकाशेवालीस,
अनेक आशीर्वाद.

त्यालाच करू दे. नुसतं एवढं सांग की वहीला हात लावताना ती काच आहे असं समज.

तुझ्यावर लोभ करायला पाहण्याची गरज पडली नाही. काकांनी खुर्ची दिली तिथेच झाला.

आत्या


१९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि विशेष आणि विशेष.

बस. मशीन चालू असेल तर बंद कर.

मी अर्ज केला. खिडकीशी गेलो, नमस्कार केला, काकांच्या चष्म्याबद्दल माफी मागितली. त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. वही येईपर्यंत रोज जाऊन बाकावर बसलो. मी, आत्या. एकदाही विचारलं नाही की किती वेळ लागेल. शेवटी काकांनी वही आणून स्वतः उघडून दिली, माझ्या हातात दिली नाही एवढंच.

पूर्वेच्या घराचं खरेदीखत. शेवटचं पान. साक्षीदार दोन. एक अंगठा. आणि त्याच्याखाली, पात्यांवरच्या भोकांसकट, बिजागरी.

मी ओरडलो नाही. खिशातला कागद काढून शेजारी धरला. तीच. काका उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ गेलेच नाहीत.

मग काय, फुटलेल्या नळासारखा तो यायला लागला. दक्षिणेच्या वाटणीवर तो. गल्लीतल्या विधवेच्या मृत्युपत्रावर तो. कुणाचं घर कुणाला गेलं की साक्षीला दारवाला. स्वतःच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या नोंदीत, बापाच्या रकान्यात, तो. सूचीत तो कधीच सापडला नसता, कारण सूचीत देणारे आणि घेणारे असतात, साक्षीदार नसतात. तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांच्या तळाशी उभा होता.

आणि एक करारनामा. टोकाचं मोठं घर बांधायला घेतलं तेव्हा बांधणाऱ्याने प्रत्येक कारागिराशी वेगळं कलम लिहून घेतलंय. दारवाल्याचं कलम मी शब्दन् शब्द उतरवून पाठवतो. "दारवाल्याने दार बसवून बाहेर उभे राहावे. ज्याचे घर त्याने आत राहून दार प्रथम लावावे. दार न घासता, न ओढता लागले तर काम पुरे समजावे." वाचलंस? बाहेर जाणाऱ्याने दार लावायचं नाही. आत राहणाऱ्याने लावायचं. हे भांडण नाही, हे त्याचं काम होतं! रोज संध्याकाळी तो कुणाच्या तरी घराबाहेर उभा राहून आतून दार लागण्याचा आवाज ऐकायचा.

शेवटचं सांगतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं. आपण सगळ्यांनी त्याला शोधलं, तिला कुणी शोधलंच नाही. टाकलेली बाई, तिचं काय असणार, असं धरून चाललो. काल मी सूचीत खापरपणजीचं नाव काढलं. तिचं मृत्युपत्र आहे. घर धाकट्याला दिलंय. तो तेव्हा वीस-बावीस वर्षांचा असेल. पुढे लिहिते, माझे पती हयात आहेत तोवर त्यांनी याच घरात राहावे, आणि हे वाचून दाखवले तेव्हा ते माझ्याजवळ बसलेले आहेत. खाली तिची सही, झोकदार शेपटाची. आणि बाजूला बिजागरी. रेघा वाकड्या गेल्यात, एक पातं दुसऱ्यापेक्षा मोठं झालंय. भोकं मात्र सगळी आहेत.

तो कुठेही गेला नव्हता, आत्या. तो घरीच होता.

सगळ्या नकला सोबत. नकाशेवालीने मूळ वह्यांवरून खुणाही उतरवून दिल्यात, त्यावर काकांनी शिक्का मारला. तिच्या वडिलांकडे शनिवारी जाणार. आजच निघालो होतो, तिने शपथ घातली.

एवढा आनंद झालाय की लोभाचंही काही मागणं नाही.

तुझा,
आणि त्याचा,
खापरपणतू


२३ एप्रिल

चि. तापोबास,
अनेक अनेक आशीर्वाद.

नकला मशीनवर पसरून वाचल्या. मग मुलींना सुट्टी दिली. मग परत वाचल्या.

आता माझ्या आजीचं बघ. ती सून म्हणून आली तेव्हा सासूसासरे दोघेही नव्हते. आपल्यात आतला माणूस दार लावतो, एवढंच नवऱ्याने तिला सांगितलं असेल. का, ते सांगायच्या आत तोही गेला, लेकरं लहान असताना. पुढे मी सात-आठ वर्षांची असेन, मी तिला विचारलं की आपण दार का नाही लावत. ती सुईत दोरा ओवत होती. थांबली, आणि तिने गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागितली, तिने भांडणाचं कारण बदललं. दिव्याची काच, किल्ली, बकरी. मी खुळी, मला वाटलं म्हातारीला नीट आठवत नाही. अरे, आठवायला काही नव्हतंच. ती पोरीला झोपवत होती.

आणि आम्ही ती खरी धरली. नुसती खरी नाही, सोयीची. माझ्या वडिलांनी नोकरी सोडली तेव्हा म्हणाले, रक्तातच आहे. तुझ्या बापाने भागीदारी मोडली तेव्हा हेच म्हणाला. कॉलेज सोडलंस तेव्हा तू मला लिहिलेलं पत्र अजून आहे माझ्याकडे. त्यातलं शेवटचं वाक्य काय होतं ते तुला माहीत आहे. एका भल्या माणसाने आयुष्यभर लोकांची दारं नीट लागतील एवढं बघितलं, आणि तीन पिढ्या आपण आपलं पळून जाणं त्याच्या गळ्यात घातलं. आता रक्तावर ढकलायची सोय राहिली नाही बघ. यापुढे उठून जायचं तर स्वतःच्या नावावर.

शनिवारी काय होईल ते होवो. पण समोरच्याने काही खोचक विचारलं तर खुर्चीची कड घट्ट धर.

मला ज्यांनी ते वाक्य ऐकवलं होतं ते गृहस्थ आता नाहीत, नाहीतर एक संच त्यांनाही रजिस्टर पोस्टाने पाठवला असता. एक प्रत काढून ठेवली आहे. कुणासाठी, माहीत नाही. असू दे.

आणि हो. करारनाम्यात 'प्रथम' लिहिलंय. पहिल्यांदा आतल्याने लावायचं, एवढंच. त्यानंतर ज्याला जायचं त्याने लावावं की. परवा बाजारात जाताना मी माझं दार स्वतः ओढून घेतलं. शेजारीण धावत आली, माझी तब्येत बरी आहे ना विचारायला. मागचं दार अजून उघडंच ठेवलंय. सगळं एकदम नको.

तुझी,
आत्या


२७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शनिवारचं सविस्तर लिहितो.

तीच खोली, तीच खुर्ची, तोच चहा. मी कागद टेबलावर ठेवले आणि गप्प बसलो. त्यांनी ते एखाद्या घराचे असावेत तसे तपासले. आधी शिक्के. मग तारखा. मग शेजाऱ्यांच्या दस्तांवर बोट ठेवून म्हणाले की माणूस गेला तरी घराला त्याचं नाव चिकटून राहतं, हे ते रोज बघतात. दाराआड उभ्या असलेल्या तिने जीभ चावलेली मला फटीतून दिसली.  मी फक्त पुढचं पान त्यांच्याकडे सरकवलं. साक्षीदार. मग पुढचं. मग मुलीचं लग्न. मग मृत्युपत्र. त्यांनी लग्नाची बिजागरी आणि मृत्युपत्राची बिजागरी शेजारी शेजारी ठेवली, खिशातून भिंग काढलं आणि एकेक भोक तपासलं. मग भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. ते ओल शोधत नव्हते, आत्या, एवढं मला कळलं.

मग वळून म्हणाले, "पूर्वज तर राहिला. तू राहशील का?"

खुर्चीची कड धरली. तुझी आठवण झाली. पूर्वीचा मी असतो तर एव्हाना जिन्यात असतो. मी म्हणालो, "त्याचा कागद नाही माझ्याकडे. ते तुम्हाला बघत बसावं लागेल."

ते हसले. मला वाटलं नव्हतं त्यांना येतं म्हणून. चहा गार झाला होता, तो मी सगळा प्यालो, मग त्यांनी दुसरा मागवला, तोही प्यालो. एकूण एवढा वेळ बसलो की शेवटी तिनेच आत येऊन विचारलं की आज घरी जायचा विचार आहे की नाही. खुर्चीतून न उठणाऱ्या त्या मुलाला येऊ नका म्हणून तिच्या वडिलांनी माझ्यासमोर चिठ्ठी लिहिली. मला त्याच्याबद्दल जरा वाईट वाटलं. जरासंच. अट एकच घातली. उरलेली दोन वर्षं संध्याकाळच्या कॉलेजात पुरी करायची. पहिली परीक्षा झाली की लग्नाची नोंद. मी हो म्हणालो. रागाने नाही, सांगून ठेवतो. कॉलेज मी कुणाच्या अन्यायामुळे सोडलं असं मी तुला लिहिलं होतं, ते तेवढंसं खरं नव्हतं. अवघड जात होतं. आताही जाईल.

निघताना मी उंबऱ्यापाशी घुटमळलो. दार ओढू की तसंच ठेवू, काही सुचेना. तर तेच पुढे आले आणि म्हणाले, राहू दे, मी लावतो, आतल्याचा मान आहे म्हणे. करारनामा त्यांनी फारच मन लावून वाचला होता. मी बाहेर उभा राहिलो. दार लागलं. घासलं नाही, ओढावं लागलं नाही. मी तिथेच थोडा वेळ उभा होतो, आणि आतून तिचा हसण्याचा आवाज येत होता.

लग्नाच्या नोंदीला साक्षीदार म्हणून तू यायचंस. सही करच, पण शेजारी एक बिजागरीही काढ. उद्या कुणी आपल्याला शोधायला आलं तर नुसती सूची बघून परत जाऊ नये.

लोभ होता, आहे, आणि आता कागदावरही राहील.

तुझा,
भाचा

ता. क. आज सकाळची सुट्टी घेतली आहे. कॉलेजच्या कचेरीत नाव घालायला निघालोय. ती कोपऱ्यावर उभी आहे, इथून खिडकीतून दिसते, आणि मी अजून लिहितोय म्हणून हातवारे करतेय. मांजराला आत्ताच बाहेर काढलं, ते माझ्याकडे अविश्वासाने बघतंय. खोलीत मागे कुणी नाही. हे पाकीट बंद करून खिशात टाकतो. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार लावतो.